तीन संगणक, दोन मॉनिटर: घरातलं ऑफिस गोव्याच्या हवेत कसं मांडावं

पर्वरीचा फ्लॅट असो नाहीतर डिचोलीकडचं कौलारू घर, सामान साधारण हेच: दोघांचे ऑफिसचे दोन लॅपटॉप, घरचा एक डेस्कटॉप आणि मॉनिटर मात्र दोनच. हे दोन मॉनिटर तिघांत वाटायचे म्हटलं की बहुतेक जण थेट केव्हीएम स्विचच्या मागे लागतात, म्हणजे एका बटणावर कळफलक, माउस आणि चित्र तिन्ही एकदम दुसऱ्या संगणकावर नेणारी डबी. तीन संगणक आणि दोन मॉनिटर सांभाळणारा चांगला केव्हीएम महाग पडतो आणि स्वस्तातला डोकं खातो. आणि खरं तर त्याची गरज क्वचितच असते, कारण मॉनिटरच्या पाठीला दोन-तीन इनपुट आधीपासूनच असतात. चित्र मॉनिटरलाच बदलू द्यावं, कळफलक-माउस वेगळ्या वाटेने बदलावेत. मधल्या डबीतून जितकं कमी जाईल तितकं बिघडायला कमी.

आपल्याकडे यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: अर्थिंग आणि दमट हवा. या दोन्हींकडे दुर्लक्ष केलं तर कितीही भारी सामान आणा, दोन पावसाळ्यांत पोर्ट मरायला लागतात.

खरेदीआधी कागद-पेन्सिल

एका कागदावर प्रत्येक संगणकाचं नाव लिहा आणि पुढे त्याला चित्र बाहेर काढणारे पोर्ट किती ते लिहा. इथेच पहिले तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा यूएसबी-सीचा. पोर्टचा आकार यूएसबी-सी आहे म्हणून त्यातून चित्र निघेलच असं नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह आहे का पाहा. नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरचा तपशील वाचा. 'डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड' असे शब्द सापडले तरच केबल घ्या.

दुसरा मॅकबुकचा. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम३ एअरला दोन चालतात, पण झाकण मिटल्यावर. एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. एका केबलीवरून दोन मॉनिटर देणारे विंडोजसाठीचे साधे डॉक मॅकला जोडले तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. डिस्प्लेलिंकचा, म्हणजे यूएसबीतून चित्र पाठवणारा अ‍ॅडॉप्टर वापरून यातून वाट निघते, पण त्यासाठी सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि मॅकवर त्याला 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी द्यावी लागते. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे दोन्ही बंद असण्याची शक्यता मोठी. पैसे घालवण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारून घ्या.

तिसरा खड्डा केबलीच्या दिशेचा. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी साधी केबल एकाच दिशेने चालते: संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी जोडली तर काहीच दिसत नाही, आणि माणूस उगाच मॉनिटरला दोष देत बसतो.

आता मॉनिटर. तीन संगणकांसाठी प्रत्येक मॉनिटरला तीन डिजिटल इनपुट हवेत: दोन एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, किंवा एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट आणि एक यूएसबी-सी. स्वस्त मॉनिटरला एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए असतं. व्हीजीए मोजूच नका. वक्र काच, रंगीत दिवे, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) यांवर खर्च करण्यापेक्षा पाठीमागच्या पोर्टांवर करा. दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे घेतले तर उंची, रंग आणि मेनू सारखे राहतात, आणि हे शेवटचं रोज जाणवतं.

आकाराबाबत आमचं मत ठाम आहे. २४ इंचाला १९२० × १०८० ठीक, २७ इंचाला २५६० × १४४० हवंच. २७ इंचावर १९२० × १०८० म्हणजे इंचाला जेमतेम ८१ ठिपके. इंग्रजी अक्षर त्यात निभावून जातं. देवनागरीतले अनुस्वार, रफार आणि 'द्ध', 'ह्म' यांसारखी जोडाक्षरं लहान आकारात एकमेकांत मिसळतात. दिवसभर मराठी मजकूर वाचणाऱ्याने ही बचत करू नये.

टेबल

२४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटिमीटर रुंद, २७ इंची साधारण ६१. दोन २४ इंचींना निदान १२० सेंटिमीटर लांबीचं टेबल, दोन २७ इंचींना १५०. टेबल पुढून मागे ७० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर मॉनिटर नाकाला लागतो. उंची ७२ ते ७५ सेंटिमीटर.

फळी कशाची, हे इथे महत्त्वाचं. पार्टिकल बोर्डाचं तयार टेबल पावसाळ्यात कडेने फुगतं, आणि फुगलेल्या कडेवर मॉनिटर आर्मचा (मॉनिटर उचलून धरणाऱ्या दांड्याचा) शिकंजा आवळला की भुसा बाहेर येतो. सुताराकडून करून घेत असाल तर १९ मिलिमीटरचं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवुड सांगा, फळीवर आयएस ७१० असा शिक्का असतो. आयएस ३०३ शिक्क्याचं एमआर (फक्त थोडा ओलावा सोसणारं) प्लाय स्वस्त असतं, पण दमट भिंतीजवळ ते नको. पार्टिकल बोर्डाचं टेबल आधीच घरात असेल तर शिकंज्याच्या वर-खाली लोखंडी पट्ट्या ठेवून भार पसरवा. आर्म घेताना मॉनिटरचं स्टँडशिवाय वजन आणि मागच्या भोकांचं अंतर पाहा. ७५ किंवा १०० मिलिमीटरचा चौकोन असेल तर बहुतेक आर्म बसतात आणि स्क्रू बहुधा एम४ लागतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, साधे गंजून आत अडकतात.

टेबल भिंतीला चिकटवू नका. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) बाहेरची भिंत जुलैत पाझरते, मागे ७-८ सेंटिमीटर फट ठेवा. केबलींनाही तेवढी जागा लागतेच. भिंतीला भोकं पाडून आर्म लावायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, चिरा मऊ आणि छिद्राळ असतो, साधा प्लास्टिकचा गट्टू त्यात काही महिन्यांत सैल पडतो. टेबलाला शिकंजा लावणंच बरं.

वीज: इथे घाई करू नका

जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेमागे काही असेलच याची खात्री नसते. तपासायचं असं: मल्टिमीटर एसीच्या ७५० व्होल्टवर ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास आकडा येईल. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढाच यायला हवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त नको. फेज-अर्थचा आकडा १०० दाखवत असेल किंवा नाचत असेल तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे, किंवा मुळात नाहीच. मल्टिमीटर कधी हातात धरला नसेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. अर्थची खरी ताकद मोजायला वेगळं यंत्र लागतं, ते त्याच्याकडेच असतं. अर्थिंगचा खड्डा असेल तर मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी घाला. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं.

मॉनिटर वाटून घेण्याशी याचा थेट संबंध आहे. लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरमधून थोडासा प्रवाह बाहेरच्या धातूकडे झिरपत असतो. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं वाटतं ते हेच. प्रवाह अगदी कमी, माणसाला इजा नाही. पण अर्थ नसलेला लॅपटॉप आणि अर्थ नसलेला मॉनिटर एचडीएमआय केबलीने जोडताना त्या दोघांतला फरक केबलीतून वाट काढतो. कधी बारीक ठिणगी दिसते, कधी काहीच दिसत नाही आणि पोर्ट मेलेला असतो. त्यामुळे नियम दोन: तिन्ही संगणक आणि दोन्ही मॉनिटर चालू अर्थ असलेल्या एकाच बोर्डावर घ्या, आणि चित्राच्या केबली आधी जोडून वीज मागाहून सुरू करा. रोज काढाघालीची केबल लॅपटॉपचीच असते. ती जोडताना चार्जर आधी काढून ठेवण्याची सवय लावून घ्या.

भाराची काळजी फारशी नाही. ६५ वॉटचे दोन लॅपटॉप, १५० वॉटचा डेस्कटॉप, दोन मॉनिटरचे मिळून ६० वॉट, राउटरचे १५: सगळे मिळून ३५५ वॉट, म्हणजे दीड अँपिअरच्या आसपास. ६ अँपिअरचा एक सॉकेट पुरतो. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा पाण्याची किटली लावायची नाही, आणि एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं खोवायचं नाही.

यूपीएसवर काय ठेवायचं? डेस्कटॉप, दोन्ही मॉनिटर, राउटर आणि फायबरची डबी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्यांचे चार्जर यूपीएसवर लावणं म्हणजे बॅटरीने बॅटरी भरणं. प्रत्यक्ष वापरात डेस्कटॉप साधारण १२० वॉट धरला तर हा भार १९५ वॉटचा. ६०० व्हीएचा यूपीएस एवढं उचलतो, पण त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एकच बॅटरी असते, ती नवी असताना दहा मिनिटं देते. काम साठवून बंद करायला तेवढं पुरे. मीटिंग पुरी करायची असेल तर दोन बॅटऱ्यांचा १ केव्हीए घ्या, २०-२५ मिनिटं मिळतात. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते आणि बंद गरम कोपऱ्यात त्याही आधी. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका, तापताना तो एकदम इतका प्रवाह ओढतो की यूपीएस हात टेकतो.

घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस तरीही ठेवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टर भार हातात घेईपर्यंतच्या त्या क्षणात राउटर बंद पडतो आणि पुन्हा उभा राहायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड' असेल तर तो चालू करा.

मे महिन्यात वळवाच्या पावसात कडाडणारी वीज आणि ऑक्टोबरातली परतीच्या पावसाची, या दोन काळांत भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नसतं. बटण फक्त फेज तोडतं. प्लग बाहेर काढा. आणि इंटरनेटची तार विसरू नका. खांबावरून तांब्याची लॅन केबल थेट घरात आली असेल तर वीज त्याच वाटेने राउटरमध्ये शिरते आणि तिथून प्रत्येक जोडलेल्या संगणकाच्या लॅन पोर्टात. पुरवठादाराला फायबर घराच्या आतपर्यंत आणायला लावा.

सहा केबलींची जोडणी

तीन संगणक गुणिले दोन मॉनिटर, म्हणजे जास्तीत जास्त सहा केबली. कागदावर असं लिहा आणि टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवा:

डावा मॉनिटर: एचडीएमआय १ ला पहिला लॅपटॉप, एचडीएमआय २ ला दुसरा लॅपटॉप, डिस्प्लेपोर्टला डेस्कटॉप.
उजवा मॉनिटर: अगदी तसंच.

ज्या लॅपटॉपला एकच मॉनिटर चालतो त्याची एक केबल कमी. दिवसा दोघं कामाला बसली की डावा एकाकडे, उजवा दुसऱ्याकडे. एकजण घरी नसेल तर दोन्ही उरलेल्याकडे. संध्याकाळी दोन्ही डेस्कटॉपकडे. हे सगळं इनपुट बदलून होतं, एकही तार हलत नाही.

केबली दीड ते दोन मीटरच्या घ्या, आर्म असेल तर दोन मीटरच, कारण आर्म फिरवताना ताण येतो. २५६० × १४४० ला ६० हर्ट्झवर कोणतीही बरी एचडीएमआय केबल चालते. ४के (३८४० × २१६०) मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायचा तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, पोर्ट आणि केबल दोन्हींत. एचडीएमआय १.४ वर ४के ३० हर्ट्झवरच अडकतं आणि माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जाऊन आकडा प्रत्यक्ष बघा.

प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाचा केबल टाय बांधा: पहिला लॅपटॉप लाल, दुसरा निळा, डेस्कटॉप पिवळा. कागदी चिकटपट्टी पहिल्याच पावसात सुटते आणि विजेच्या टेपचा गोंद चिकट लगदा होतो.

मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन 'ऑटो इनपुट' बंद करा. हे राहिलं तर एक लॅपटॉप झोपी गेला की मॉनिटर आपल्या मनाने दुसऱ्याकडे उडी मारतो, आणि मीटिंगमध्ये भलताच स्क्रीन समोर येतो. त्याच मेनूत 'डीडीसी/सीआय' चालू ठेवा.

या डीडीसी/सीआयमुळे मॉनिटरमागची बटणं चाचपण्याचा त्रास वाचतो. संगणकच चित्राच्या केबलीतून मॉनिटरला 'इनपुट बदल' असं सांगू शकतो. विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. तो उघडल्यावर यादीत ६० क्रमांकाच्या कोडासमोर सध्याच्या इनपुटाचा आकडा दिसतो. ठरलेले आकडे असे: डिस्प्लेपोर्ट १ ला १५, एचडीएमआय १ ला १७, एचडीएमआय २ ला १८. काही कंपन्या आपलेच आकडे वापरतात, म्हणून आधी बटणाने एकेक इनपुट लावा, त्या-त्या संगणकावर दिसणारा आकडा वाचा आणि कागदावर टिपून घ्या. नंतर त्याच प्रोग्रॅमच्या कमांडने डेस्कटॉपवर शॉर्टकट करा, 'दोन्ही मॉनिटर माझ्याकडे', 'डावा लॅपटॉपला' असे. मॅकवर बेटरडिस्प्ले आणि लिनक्सवर डीडीसीयूटिल हेच काम करतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकता येत नसेल तर हे शॉर्टकट फक्त घरच्या डेस्कटॉपवर ठेवा. मॉनिटर परत घेताना मात्र कदाचित बटणं दाबावी लागतील, कारण काही मॉनिटर समोर दिसत असलेल्या इनपुटाचाच हुकूम मानतात.

या पद्धतीत एक खोड आहे, ती आधीच माहीत असलेली बरी. एचडीएमआयवर असलेल्या लॅपटॉपला, मॉनिटर दुसरीकडे वळला तरी तो अजून जोडलेलाच आहे असं बहुधा वाटत राहतं. मग माउस न दिसणाऱ्या स्क्रीनवर भटकतो आणि नवीन खिडक्या तिथेच उघडतात. डिस्प्लेपोर्टवर अनेकदा उलट होतं: संगणकाला मॉनिटर काढून घेतला असं वाटतं आणि सगळ्या खिडक्या एका जागी गोळा होतात. पहिल्यावर उपाय, मॉनिटर देण्याआधी विंडोज कळ आणि पी दाबून 'फक्त पीसी स्क्रीन' निवडणं. राहून गेलंच तर विंडोज, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबून खिडकी परत आणता येते. दुसऱ्यावर उपाय विंडोज ११ मध्ये आहे: डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली मॉनिटर जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय टिकमार्क करा.

कळफलक, माउस आणि कान

दोन माणसं म्हणजे कळफलक-माउसाचे दोन संच, यात काटकसर नाही. प्रत्येकाने तीन यंत्रांना जोडता येणारा ब्लूटूथ संच घ्यावा: पहिल्या बटणावर आपला लॅपटॉप, दुसऱ्यावर डेस्कटॉप. बटण कळफलकावर असतं तसंच माउसच्या पोटाला असतं, दोन्ही बदलावी लागतात. तारेचा एक जुना कळफलक कपाटात ठेवाच. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) किंवा डिस्कच्या कुलपाचा पासवर्ड विचारला जातो तिथे ब्लूटूथ अजून जागं झालेलं नसतं.

तारेचाच कळफलक आवडत असेल, किंवा आपलं स्कॅनर-पेनड्राइव्हही दोघांत फिरवायचं असेल, तर यूएसबी स्विच घ्या: दोन संगणक, चार उपकरणं, एक बटण. यात चित्र नसतं, त्यामुळे स्वस्त आणि टिकाऊ. ५ व्होल्टचा वेगळा चार्जर लावायची सोय असलेलाच निवडा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. त्यावर कळफलक, माउस आणि बाहेरची हार्डडिस्क लादली की डिस्क टिकटिक करते आणि दिसेनाशी होते.

सॉफ्टवेअरने माउस एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकवण्याचाही मार्ग आहे. विंडोजवर पॉवरटॉइजमधलं 'माउस विदाउट बॉर्डर्स', मॅकवर 'युनिव्हर्सल कंट्रोल', मिश्र घरात 'डेस्कफ्लो'. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्ककडे जाणारी खासगी वाट) लागला की तो बहुधा घरातल्या नेटवर्ककडे पाठ फिरवतो आणि हे बंद पडतं. स्वतःच्या यंत्रांपुरतं ठेवा.

वेबकॅम कशातूनही फिरवू नका. मीटिंग चालू असताना कोणी बटण दाबलं की कॅमेरा गायब. लॅपटॉपचा स्वतःचा वापरा. आवाजासाठी दोन यंत्रांना एकदम जोडला जाणारा ब्लूटूथ हेडसेट, किंवा मॉनिटरच्या हेडफोन भोकात तारेचा. मॉनिटरचं इनपुट बदललं की आवाजही आपोआप बदलतो, हे फार कमी जण वापरतात.

नेटवर्क

जुन्या घराची चिऱ्याची भिंत ४५ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा एका भिंतीत बरंच मरतं, दोन भिंतींत जवळजवळ पूर्ण. मेश (घरभर ठेवलेले एकमेकांना जोडलेले राउटर) घेऊनही मधली जोडणी वायफायचीच असेल तर फरक थोडा. टेबलापर्यंत कॅट ६ केबल ओढा आणि तिथे पाच पोर्टांचा गिगाबिट नेटवर्क स्विच (एका केबलीच्या अनेक केबली करणारी डबी) ठेवा. केबल शुद्ध तांब्याची घ्या, 'सीसीए' लिहिलेली म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ती दमटपणात टोकाला लवकर कुजते. भिंत फोडण्यापेक्षा झरोक्यातून केबल बाहेर काढून दुसऱ्या खोलीच्या झरोक्यातून आत घेता येते. बाहेरच्या भागाला काळ्या पॉलिथिन आवरणाची केबल लागते, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी केबलीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी ते गळून पडतं. झोळ नसेल तर तेच पाणी सरळ स्विचमध्ये.

फांदी पडून फायबर तुटणं पावसाळ्यात नित्याचं. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला हॉटस्पॉट आधी एकदा जोडून, पासवर्ड साठवून तयार ठेवा.

केव्हीएम घ्यायचाच असेल तर

दिवसातून वीस वेळा उड्या मारायच्या असतील तर केव्हीएम खरंच सोयीचा. घेताना तीन गोष्टी पाहा. खोक्यावर नुसतं '४के' नको, '४के ६० हर्ट्झ' हवं. 'ईडीआयडी इम्युलेशन' हवं, म्हणजे बटण दाबल्यावरही मागच्या संगणकाला मॉनिटर जोडलेलाच वाटतो आणि खिडक्या विस्कटत नाहीत. आणि दोन मॉनिटर हवे असतील तर प्रत्येक संगणकाकडून चित्राच्या दोन केबली लागतात हे आधीच मोजून घ्या. कळफलकासाठी खास दिलेला पोर्ट साध्या कळफलकालाच मानवतो. जादा बटणांचा कळफलक त्यात अर्धवट चालतो, तो शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टात लावा. दोनदा कंट्रोल दाबून संगणक बदलण्याची सोय असेल तर ती बंद करा, कॉपी-पेस्ट करताना नकळत दाबली जाते.

हवा, मीठ आणि किडे

यंत्र बंद पडून राहिलं की दमटपणा त्याला धरतो. पावसाळ्यात डेस्कटॉप आणि मॉनिटर रोज तासभर तरी चालू ठेवा, स्वतःच्या उबेने कोरडे राहतात. चवथीला गावी जाताना प्लग काढा आणि वर सुती कापड टाका. प्लास्टिक नको, आत घाम धरतं. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याच्या वाऱ्यात बसलेल्या घरांत टेबल समुद्राकडच्या खिडकीसमोर मांडू नका. खारी हवा पोर्टाच्या कडांवर हिरवट थर आणते. तीन महिन्यांतून एकदा वीज बंद करून प्रत्येक केबल काढायची आणि दोन-तीनदा आत-बाहेर करून लावायची, संपर्काच्या पट्ट्या घासून निघतात. थर दिसत असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. शिवणयंत्राचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे आत मारू नका.

न वापरलेल्या पोर्टांना रबरी टोप्या घाला. धुळीसाठी तर घालाच, पण कुंभारीण माशीसाठी नक्की. हेडफोनचं भोक, रिकामा यूएसबी, सॉकेटच्या पिनांची जागा, तिला काहीही चालतं आणि दोन दिवसांत माती लिंपून मोकळी होते. माती वाळू द्या, वीज तोडा आणि लाकडी टूथपिकने कोरून काढा. ओली असताना उकरली तर आत दडपली जाते. राउटर आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नका, उबेला मुंग्या अंडी घेऊन येतात.

काही अडलं तर

मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणत असेल तर आधी इनपुट बघा, मग केबल दुसऱ्या संगणकाची लावून बघा. तरीही नाही, तर मॉनिटरचा प्लग एक मिनिट काढून ठेवा. डिस्प्लेपोर्टवर झोपलेला मॉनिटर कधीकधी एवढ्यानेच उठतो. मेनूत 'डीप स्लीप' असेल तर बंद करा.

पंखा किंवा फ्रिज सुरू होताना स्क्रीन क्षणभर काळा पडत असेल तर केबल बदलण्याआधी अर्थिंग तपासा. फक्त एकाच संगणकावर पडत असेल तर केबल.

एचडीएमआयवर अक्षरं फिकट आणि काळा रंग राखाडी दिसत असेल तर संगणकाने मॉनिटरला टीव्ही समजलेलं आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची मर्यादा 'लिमिटेड'वरून 'फुल' करा. कडा कापल्या जात असतील तर मॉनिटरच्या मेनूत 'ओव्हरस्कॅन' बंद.

यूएसबी-सी मॉनिटरवर लॅपटॉप चार्ज होतोय पण बॅटरी तरीही उतरतेय, तर मॉनिटर देतो त्यापेक्षा लॅपटॉपची भूक मोठी आहे. ६५ वॉट देणाऱ्या मॉनिटरवर १०० वॉटचा लॅपटॉप जोर पडला की मागे पडणारच, त्याचा स्वतःचा चार्जर लावा. ४के ६० ऐवजी ३० वर अडकलं असेल तर मेनूत यूएसबी-सीसाठी 'हाय डेटा स्पीड' आणि 'हाय रिझोल्यूशन' असा पर्याय शोधा आणि दुसरा निवडा. मॉनिटरवरचे यूएसबी पोर्ट त्याने मंदावतात, कळफलक-माउसाला त्याचा फरक पडत नाही.